छाट

सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
माझ्या भिंतीला रोज.

वर कलशेट्टींची मोरी, पाईप दिवाळीपासून फुटलेला.
खाली आम्ही, दहा बाय बाराची खोली,
भाडं अडीच हजार,
पावती मागितली की मालक हसतात.

आधी पिवळा डाग आला, भाकरीएवढा.
मग पोपडे. मग ती काळी लव,
मांजराच्या पाठीसारखी मऊ.
फडक्यानं पुसली, रॉकेल लावलं, चुना मारला.
आठ दिवसांत चुन्यातून डोळे उघडले तिनं.

त्याच भिंतीला टेकून मी विड्या वळते.
पानांचं पोतं तिथंच, दुसरी जागा कुठाय?
पानांवर पांढरे ठिपके पडतात
आणि ब्रँचमधला चेकर
जुडी हुंगतो, अंगठ्यानं बाजूला सारतो:
"छाट."
हजारातल्या दीडशे गेल्या
तरी तो ओरडत नाही, मी भांडत नाही,
मजुरी तेवढी कमी होते.
खराब मालाला दाम नाही.
हा नियम मला सोळाव्या वर्षापासून पाठ आहे.

स्रवंती रात्रभर खोकते.

चारदा वर जाऊन सांगितलं.
एकदा म्हणाले, "आसू द्या की ओ,
ओल कुणाच्या घरात नसती?"
दोनदा म्हणाले, "बघू."
चौथ्यांदा, "जमत नसंल तर खाली करा,
भाडेकरू काय, रांगेत उभारलेत."

युनियनच्या हापिसात गुरुवारी एक बाई बसतात,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
म्हणाल्या, राजव्वा, भाड्याचा कायदा वाचलाय?
म्हटलं, मी पानाच्या शिरा वाचते, तेवढंच.
मग त्यांनीच वाचला:
घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम.
नाही ठेवलं तर लेखी नोटीस, पंधरा दिवसांची.
तरी नाही, तर दुरुस्ती तुम्ही करा,
खर्च भाड्यातून कापा,
वर्षाच्या भाड्याच्या पावभागापर्यंत.

परत वाचा म्हटलं, ते कापायचं.
त्यांनी परत वाचलं.
म्हणजे मालकाच्या मालालाही चेकर असतो!
आणि तो मी.

नोटीस स्रवंतीनं लिहिली, सातवीतलं अक्षर.
'दुरुस्ती' हा शब्दच दोनदा दुरुस्त केला.
खाली माझी सही, तेलुगूत,
तेवढीच येते मला.
रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोचपावतीसह.
तेरा पायऱ्या वर जायला
पत्राला चार दिवस लागले.

पंधरा दिवस कुणी बोललं नाही.
मोरीतनं पाणी तेवढं बोलत राहिलं.

सोळाव्या दिवशी मैनुद्दीन प्लंबर आला,
बाहेरून शिडी लावली, पाईप बदलला,
गवंड्यानं भिंत विटेपर्यंत खरवडली.
खोलीभर काळा भुगा. मी तोंडाला पदर बांधला
आणि पोत्यात भरून बाहेर नेला.

बिल चार हजार दीडशे.
या महिन्याचं भाडं शून्य, पुढच्याचं साडेआठशे.
हिशेब मी जुड्यांत करते, चुकत नाही.

कलशेट्टींनी बिल दोनदा वाचलं,
उलटं करून मागची बाजूही बघितली.
म्हणाले, "कोर्टात भेटू."
म्हटलं, "भेटू की ओ."
उतरताना गुडघे कापत होते, ते खरं आहे.

भिंत अजून ओलीच आहे. सिमेंटला वेळ लागतो.
पहाटे पानं भिजवायच्या आधी
कोरड्या हाताची पाठ लावून बघते.
आज खिडकीकडचा कोपरा
थोडा कमी गार लागला.