बेचाळीस गोण्या

सुपीरियर तळ्याच्या काठी थंडी जमिनीत उतरते
चार फूट. तिच्याहून उथळ रोवलेला खांब
ती मार्चपर्यंत वर ढकलते,
दुखऱ्या दातासारखा हलता ठेवते.
म्हणून खड्डा चार फूट खोल, एक फूट रुंद.
लेम्पी कांगसने सरपणाच्या खोपीला चार नवे खांब ठरवले
आणि पिठाची बरणी बाजूला सारून
टेबलावर गणित मांडलं.

त्रिज्येचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले पाय.
अर्धा गुणिले अर्धा गुणिले चार, म्हणजे एक.
उरला नुसता पाय:
तीन पूर्णांक चौदा घनफूट.
पायाला लागतो तो पायच,
पण हा विनोद आपल्या भाषेतला,
तिला तो ऐकू येण्यासारखा नव्हता.

ऐंशी पौंडांच्या गोणीतून निघतं सहा दशांश घनफूट.
चार खड्ड्यांना एकवीस गोण्या.
लेम्पीचं वय त्र्याहत्तर,
आणि कंबर ही काही सूत्रात सोडून देता येणारी गोष्ट नाही.
चाळीस पौंडांच्या घेतल्या तर बेचाळीस.
वजन तेवढंच. वाकणं दुप्पट,
आणि पैसेही थोडे वरचढ.
"म्हातारपणाचा कर," ती म्हणाली, आणि बेचाळीसखाली रेघ ओढली.

दुकानातला पोरगा म्हणाला, दहा टक्के जास्त घ्या,
सगळेच घेतात.
ती म्हणाली, माझ्या घरी एकजण घ्यायचा.
बेचाळीसच दे.

खोपीमागे पाच दगड ओळीने पडलेत.
दगड नव्हेत, उरलेल्या गोण्या.
रेइनो प्रत्येक कामाला एक वरची आणायचा:
कपडे वाळत घालायचे खांब, टपालपेटी, कुत्र्याचं कुंपण,
त्याच्या आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार,
आणि एक कशाची ते तिला आठवत नाही.
"असू दे," म्हणायचा.
ते असू दे पावसात भिजलं, कागद गळून गेला,
सिमेंटने धरून ठेवल्या गोणीच्या सुरकुत्या, शिवण,
कोपऱ्याचा दुमडलेला कान.
त्या ओळीवरून तिने त्याला चाळीस वर्षं बोलून घेतलं.
आता दोन हिवाळे झाले, बोलायला कुणी नाही,
ओळ आहे.

शेजारचा कॉर्बिन भोक पाडायचं यंत्र घेऊन आला.
तीन खड्डे सरळ उतरले.
चौथ्यात लागला धोंडा, वासराच्या डोक्याएवढा.
पहारीने उचकटला तर त्याच्याबरोबर भिंतही आली,
खड्ड्याचं खाली पोट सुटलं.
सूत्राला वर्तुळ माहीत असतं,
धोंडा माहीत नसतो.
तीन खड्डे ओतून साडेदहा गोण्या शिल्लक,
आणि हा मागतोय साडेचौदा.

रविवार. दुकान बंद, तेही पन्नास मैलांवर.
कॉर्बिन हात झटकत म्हणाला, उद्या बघू.
लेम्पी खोपीमागे गेली.
पहार खाली घातली, फळी सरकवली,
आणि पहिलं असू दे लोळत, अडखळत,
गवतात पट्टा पाडत खड्ड्यापर्यंत आलं.
मग दुसरं.
त्या ऐंशीच्या होत्या. दोन म्हणजे तिच्या चार.
कॉर्बिन काही बोलणार होता, बोलला नाही.
पोटात त्या आडव्या बसल्या, घड्या वर करून,
वरून तिचं ओलं काँक्रीट पडलं,
कॉर्बिनने सळीने ढोसलं,
आतली हवा ढेकर दिल्यासारखी बाहेर आली.

काठोकाठ भरला असं नाही,
दोन बोटं कमीच राहिला.
तिने खांब दोन बोटं लांब कापला.

मग ढकलगाडी धुतली, सुकायच्या आत,
बोटांच्या भेगांत भरलेलं सिमेंट व्हिनेगरने काढलं,
आणि पायरीवर बसून रस्त्याकडे पाहिलं.
टपालपेटीचा खांब कलायला लागलाय.
त्याने तो तीनच फूट पुरला होता,
घाई होती, पाऊस येत होता.
पुढच्या उन्हाळ्यात काढायला हवा.
एक खड्डा. साडेदहा गोण्या.
अकरा आणल्या तर अर्धी उरेल.

असू दे.