तपासणाऱ्याची सही

मुसफ्फाच्या कॅम्पात, ब्लॉक सातच्या जेवणाच्या हॉलमध्ये
टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला,
रिमोट कॅम्पबॉसच्या खिशात.
आम्ही माना वर करून बघतो,
साइटवर क्रेनकडे बघतो तसे.

मार्चमध्ये हेल्मेटं बदलली.
जुनी पिवळी गेली, नवी पांढरी आली,
कपाळावर तीन निळ्या लाटा.
त्याच आठवड्यात बातम्यांच्या चॅनेलवर
उजव्या कोपऱ्यात तीन निळ्या लाटा.
नरसय्या म्हणाला, बघ दामू, आपला शेठ टीव्हीत गेला.
सगळे हसले. मीही.
पगार वेळेवर झाला होता.

सोमवारी रात्री डाळ वाढून घेत होतो
आणि पाठीमागून आमच्या खाडीचं नाव आलं.
निवेदिकेनं कुडवळचं कुंडवळ केलं,
पण धक्का आमचाच, कडेचा मोडका दिवाही आमचाच.
"कोळशाच्या बंदराला ग्रामस्थांचा उत्स्फूर्त पाठिंबा."
आणि गर्दीत, तिसऱ्या रांगेत,
चौकड्याचा शर्ट घालून
टाळ्या वाजवणारा मी.

ताट हातातच राहिलं.
पोरं ओरडली, अरे दामू फेमस झाला!
एकानं फोटोही काढला:
वरचा मी आणि खालचा मी, एका चौकटीत.

तो शर्ट दोन वर्षांपूर्वी रजेवर जाताना नेला होता.
चुलतभावाची होडी पाण्यात उतरत होती.
नारळ फुटला, जलदुर्गा हलली, कलली, सावरली,
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
एवढंच.
टाळीवर कुठे लिहिलेलं असतं, ती कशाची?

मी परांची बांधतो.
बांधून झाली की तिला टॅग लागतो:
बांधणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याची सही,
तारीख, वजन किती झेपेल.
सही नसेल तर टॅग लाल.
लाल टॅग असताना वर चढलेला माणूस घरी जातो,
कधी सीटवर बसून, कधी सामानात.
अकरा वर्षं झाली,
चाळीस मीटरवर नुसत्या विश्वासानं
मी एकदाही उभा राहिलेलो नाही.
आणि इथे रोज रात्री, भात कालवत,
कोणी बांधलं, कोणी तपासलं न विचारता
चढत गेलो, चढत गेलो.

रत्नाला फोन लावला.
म्हणाली, बघितलं.
आई विचारतात, दामू गावात येऊन गेला
आणि घरी कसा नाही आला?
मग बराच वेळ दोघंही गप्प. मिनिटाचे पैसे कापले जात होते.
माझं नाव तिथल्या मतदार यादीत आहे,
बोट इथे, हातमोज्यात.
ती म्हणाली, शुक्रवारी ग्रामसभा आहे. बघते.

मंगळवारी मी स्टोअरमधून एक लाल टॅग आणला,
स्टुलावर चढून टीव्हीच्या कोपऱ्याला केबल टायनं बांधला.
बांधणारा: तीन लाटा.
तपासणारा: कोरं.
तारीख: दोन वर्षं जुनी.
बुधवारी कॅम्पबॉसनं तो ओढून काढला,
कोणी लावला विचारलं. ताटं वाजत राहिली.
टाय मात्र तुटली नाही. अजून लोंबते आहे.

शुक्रवारी रात्री रत्नाचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला.
मागे पंखा घरघरतोय.
"टीव्हीत दिसला तो शर्ट माझ्या घरात दांडीवर असतो.
हा बघा, आणलाय. बाही मीच शिवलेली आहे.
ती टाळी होडीची होती."
कोणीतरी म्हणतं, ताई, खाली बसा.
ती बसली का कळत नाही.
एक खुर्ची सरकते. मग अजून एक. मग बऱ्याच.
तिथे रेकॉर्डिंग संपतं.

मी ते नरसय्याला ऐकवलं. मराठी त्याला थोडीच कळते.
खुर्च्यांपाशी थांबवून म्हणाला, परत लाव.
आणि वर टीव्हीत उद्याचं हवामान सांगत होते,
आकाश निरभ्र,
तेव्हा तो उठला, दार उघडून
बाहेर बघून आला.