बत्तीस बोअर

शालिमारच्या मागच्या गल्लीत,
सायकलच्या दुकानावर, अठरा पायऱ्या.
काचेखाली मखमल, मखमलीवर तीन,
आणि चष्मा कपाळावर सरकवून मुस्तन्सीरभाई विचारतात,
"माणसासाठी की जनावरासाठी?"

जनावरासाठी, मी म्हटलं.
चेहेडी ते सामनगाव दूध गोळा करतो, पहाटे साडेतीनला.
दारणाकाठचा ऊस दोन्ही अंगांनी,
मधून मी, गाडी, चार कॅन.

ते हसले नाहीत. बरं वाटलं.

पहिलं हातात दिलं: कानपूरचं, सहा घरांचं.
धरायला जड,
झोपलेलं पोर जागेपणापेक्षा जड लागतं, तसं.
दुसरं खिशात मावणारं.
"हे आवाजापुरतं. आवाज तर सुतळी बॉम्बचाही होतो."
तिसऱ्याला मॅगझिन.
"कधी कधी अडकतं.
आणि जनावर त्या कधी कधीचीच वाट बघत बसलेलं असतं."

मग मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं,
कंबरेला ते रिकामं, कानपूरचं.
डावा हात? क्लचवर.
उजवा? ॲक्सिलरेटरवर.
मान?
मान कुठं जाणार, मानेच्या जागी.

त्यांनी मागून नुसती दोन बोटं टेकवली
कॉलरच्या वर, जिथं न्हावी शेवटी पावडर लावतो.
"झालं," म्हणाले.
"तुमचा हात अजून क्लचवरच आहे."

खाली कुणीतरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं.

खरं तर मी त्याला एकदाच पाहिलंय.
मार्गशीर्षात, कासारांच्या गोठ्याच्या वळणावर
रस्त्यातच बसला होता, हेडलाइटकडे बघत.
उठला, माझा कंटाळा आल्यासारखा,
आणि उसात शिरला.
ऊस हलला नाही.
त्या न हललेल्या उसापायी
दीड वर्ष लायसनच्या खेपा घातल्या,
अर्जात कारण लिहिलं, आत्मसंरक्षण,
अक्षर चांगलं काढून.

घरी सिंधूनं जुन्या सीटचं रेक्झिन कापून
आतून बाहेर खिळे ठोकलेत, दोन ओळी.
मोत्याचा पट्टा तसाच आहे. हा माझ्या मापाचा.
बोलली काहीच नाही,
गाडीच्या चावीशेजारी अडकवून ठेवला.
महिना झाला. लोक हसतील म्हणून
मी चावी तेवढी काढून घेतो.

"मग? कुठलं देऊ?"

पहिलं, म्हटलं.
त्यांनी नंबर वहीत उतरवला, गोळ्या दोनदा मोजल्या,
आणि पावती देताना, वर न बघता:
"त्याला लागली तर पंचनामा तुमचा होईल.
नाही लागली तरी तुमचाच."

आता ते डिकीत असतं, दूधवहीच्या खाली,
फडक्यात गुंडाळलेलं.
गळ्यात खिळे. वर मफलर.
आणि कासारांचं वळण आलं की
मी हॉर्न देतो, दोनदा, बेताचा,
कुणाच्या घरी अवेळी गेल्यावर
दाराबाहेर खोकावं, तसा.