रकाना

शाळाबाह्य मुलांचा तक्ता घेऊन
मी चढले मेढ्याच्या वरची लाल पायवाट.
तक्त्यात कारणांचे रकाने:
ऊसतोड, वीटभट्टी, आजारपण, धाकटं भावंड,
आणि शेवटी ‘इतर’, बोटभर जागा.

पुण्याहून येऊन राहिलेलं घर. दाराशी गांडूळखताचा हौद.
केतकीताईंनी गवती चहा दिला,
म्हणाल्या, ऋजुता घरीच शिकते.

तेवढ्यात ती आली. नऊ वर्षांची, गुडघे खरचटलेले.
विहिरीत दगड टाकून मोजलं म्हणाली,
दोन सेकंद, म्हणजे पाणी वीस मीटरवर.
माझ्या चौथीला अजून भागाकार अडतो.
मी ‘छान’ म्हटलं, वर्गात म्हणते तसं,
आणि ते माझं मलाच पोकळ ऐकू आलं.

‘बाई, खरं सांगा, पट किती तुमचा?’
एकोणीस.
‘मग विसाव्या नावासाठी आलात.’
खोटं कसं म्हणू?
पट घसरला तर शाळा खालच्या गावात जाईल,
आणि श्रावणात तो ओढा ओलांडून
पहिलीतली पोरं कशी जायची?

पण त्याच्याही आधीचं एक होतं,
ते ओठावर आलं नाही.

मागं, पाटण खोऱ्यात, कमळ लोखंडेच्या दारात
असाच तक्ता धरून उभी होते.
बापानं बिडी विझवली न् म्हणाला,
‘शिकती की घरीच. काय अडलंय तिचं?’
मी ‘इतर’वर टिक केली. शेवटची एसटी गाठायची होती.
मार्गशीर्षात तिचं लग्न लागलं.
चौदावं सरायचं होतं.

कुठे ही ताई, कुठे तो बाप.
कळतं मला.
पण कडी दोन्ही घरांना आतूनच,
आणि बाहेर उभ्या बाईला
दार दिसतं फक्त.

निघताना पोरीनं विचारलं,
‘तुमच्याकडे भांडणं कोण सोडवतं?’
‘कधी मी. कधी कुणीच नाही.’
ती अंगठ्यानं माती उकरत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या आडात
मी पोरांसमोर खडा टाकला.
एकोणीस तोंडं, एकोणीस आकडे.
हणमंत म्हणे दीड, सायरा म्हणे तीन,
विक्या म्हणे आवाज आलाच नाही,
तुम्ही बाई टाकलाच नाही.
परत टाका, परत टाका,
मधली सुट्टी उलटली, खिचडी निवली,
सायरानं विक्याची वेळ धरली, विक्यानं सायराची,
तरी एकमत झालं नाही.

हे मला काल सांगायचं होतं.
सांगता आलं नसतं.

तक्ता अजून पर्समध्येच आहे.
केंद्रप्रमुखांचा दोनदा फोन येऊन गेला.
‘इतर’पुढे पेन्सिलनं लिहिते, खोडते.
कागद तेवढ्याच जागी
पातळ झालाय.