भांगाच्या रात्री

वाळू मोचेमाडची, सात पाण्यांनी धुतलेली.
पेटीखाली ट्रकच्या चार ट्यूब, अर्ध्याच फुगवलेल्या,
पंक्चरवाल्या गुंडूने उधार दिलेल्या.
वाळूत रोवलेले दोन आरसे, एक भिंग, लेझर,
आणि मध्ये प्लास्टरात घट्ट बसवलेलं
कालवाचं शिंपलं.

आठ सेकंद. एवढंच मागत होतो.
आठ सेकंद काही हलू नये,
केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकंसुद्धा.

अकरा प्लेटा धुतल्या. अकराही कोऱ्या.
पंखा बंद केला. कोपऱ्यावरची गिरण झोपल्यावर बसलो.
शेवटची सावंतवाडी गाडी गेल्यावर बसलो.
मुलांना बाहेर काढलं, श्वास धरला,
तरी काच कोरी.

पास्कू लोबो, प्रयोगशाळेचा शिपाई,
बेसिनपाशी बाटल्या विसळत म्हणाला,
"दर्यो हलता, सर. उधाण आसा.
भांग पडांदे, मगे करूया."

हसलो. मग गुपचूप पंचांग काढलं.
बंदरावर आपटलेली लाट
जांभ्यातून चालत येते अर्धा मैल,
चिऱ्यांत शिरते, फरशीत शिरते,
उजेडाच्या दोन धारांत भांडण लावते.

अष्टमी. रात्रीचे अडीच. पाणी रेंगाळलेलं.
खिडकीच्या फटीतून वारा येत होता,
म्हणून पास्कूने शिंपल्यामागे हात धरला,
कुठे न टेकवता, समईच्या वातीला धरतात तसा.
मी काळा पुठ्ठा उचलला. आठ मोजले. ठेवला.

सकाळी लेझरच्याच उजेडात काच तिरकी धरली,
आणि पलीकडे, जिथे नुसतं रिकामं टेबल,
तिथे शिंपलं.
मान डावीकडे नेली, आतली मोतिया झाक.
उजवीकडे नेली, कडेचे थर, चुन्याचे, ओबडधोबड.
शमिका परुळेकरने त्यातून बोट आरपार घातलं
आणि किंचाळली.

मागची पांढरी पाटीही उठली होती.
हात मात्र नव्हता.
हाताच्या आकाराचा काळोख होता,
पाच बोटांचा, खोल,
आपण सरकलो की आपल्याबरोबर वळणारा.
जे हललं ते काच लिहीत नाही.
नाडीचं एवढंसं उडणंही तिला खपत नाही.

पास्कूने काच बघितली,
मग स्वतःचा पंजा, उलटा, सुलटा.
"म्हणजे मी जितो आसंय," म्हणाला,
आणि बाटल्यांकडे वळला.

नोंदवहीत लिहिलं: प्लेट बारावी. वस्तू, शिंपलं.
'दोष' या रकान्यावर पेन टेकवलं,
उचललं.

पुढच्या भांगाला त्याच शिंपल्यावर
तांदळाचा एक दाणा ठेवायचाय,
ते किती वाकतं, पट्ट्यांत मोजायचंय.
पास्कूला त्या रात्री रजा नाही.