दोन्ही बाजूंनी

लॉ कॉलेजमागच्या गल्लीत माझं दुकान,
करडे झेरॉक्स, बाइंडिंग, लॅमिनेशन.
एका बाजूला रुपया, पाठपोट दीड.
परीक्षा आली की पोरं अख्खं पुस्तक आणतात काचेवर,
फक्त ते पहिलं पान सोडून,
ज्यावर छापलेलं असतं, नक्कल करू नये.
मीच सांगते, ते राहू दे, तेवढाच रुपया वाचेल.

आबेना घानाची. दोन वर्षं होती एरंडवण्यात.
प्रबंधाचा विषय, तिच्या देशातला कायदा :
कापडावरची नक्षी नक्की कुणाची.
नावाचा अर्थ विचारला तर म्हणाली,
मंगळवारी जन्मले, म्हणून आबेना.
म्हटलं, अगं, मग मीही तीच की.
मंगला. आणि वर अंगारकी होती.
त्या दिवसापासून तिला पाठपोट सव्वा.

पानं जुळवताना वाचते मी, खोड आहे.
नुसत्या स्टेपला मारून अर्धी वकील झालेय.
तिच्या चौथ्या प्रकरणात होतं,
लिहिणारा मेला की पुढे सत्तर वर्षं वारसांची.
पण जे लोकांचं, ज्याला एक कुणी कर्ताच नाही,
त्याचा हक्क राष्ट्राध्यक्षांकडे,
जनतेच्या वतीनं, विश्वस्त म्हणून,
आणि त्याला मुदत नाही.
मी विचारलं, म्हणजे देवस्थानासारखं?
ती खूप हसली. मग डोळे पुसून म्हणाली,
तुमच्याकडे विश्वस्त भेटतात का?

तिची मावशी बोनवायरला मागावर बसते.
वीतभरही नाही अशी अरुंद पट्टी विणायची,
मग पट्टीला पट्टी जोडत अंगभर कापड.
बाजारात तीच नक्षी छापील येते, गठ्ठ्यानं,
मावशीच्या पाचव्या हिश्शात.
कायदा आहे ना पण, मी म्हटलं.
आहे. कलम मला पाठ आहे, ती म्हणाली.
मावशीला धागे पाठ आहेत.

मी गप्प बसले. दादा आठवले.
माझे वडील तांबट आळीतले, चाळीस वर्षं मठारकाम.
परवा औंधच्या एका मोठ्या दुकानात नेलं त्यांना,
तिथं तांब्याचे दिवे टांगलेले, चिठ्ठीवर हातकाम.
दादांनी एकावरून अंगठा फिरवला.
म्हणाले, हे ठोके नव्हेत गं, देवीचे वण आहेत.
यंत्रानं एकदाच दाबलंय, सगळे एका वयाचे.
विकणारा पोरगा म्हणाला, आजोबा, हात नका लावू.

शेवटच्या आठवड्यात तिनं खरी पट्टी आणली,
परिशिष्टात चित्र हवं होतं.
रंगीत प्रत दहा रुपये. पिवळा आला शेवाळलेला,
लाल आला विटेसारखा. तीन वेळा काढली.
दादा डबा घेऊन आले होते, स्टुलावर बसलेले.
त्यांनी पट्टी मागून घेतली, मांडीवर पसरली,
आणि बोटानं ठोके द्यायला लागले नक्षीवरून,
चार, एक मोकळा, चार, एक मोकळा,
मग अडकले.
इथं चुकलीय का ही?
आबेना वाकून बघत राहिली. म्हणाली,
नाही. इथं मावशी मुद्दाम घर सोडते.
दादा म्हणाले, हां.
आणि परत पहिल्यापासून मोजायला लागले.

मागे गिऱ्हाईक ओरडत होतं, मॅडम, हॉल तिकीट.
मी झाकण टाकलं, बटण दाबलं.
काचेवर काहीच नव्हतं, लक्षात नाही आलं.
उजेड सरकला या टोकापासून त्या टोकापर्यंत
आणि कोरा कागद बाहेर आला, ऊन ऊन.

प्रबंधाच्या पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
आभाराच्या पानावर गाईड, ग्रंथपाल, आई, मावशी,
आणि करडे, तांबट आळी. नाव चुकवलंय थोडं.
मी ते पान तेवढं माझ्यासाठी काढून ठेवलं.
न विचारता.