मनामा, दुकान बंद व्हायच्या वेळी

इब्राहिम परकारांचा लॅपटॉप
पेटतो, पण उठत नाही.
काळ्यावर एक पांढरी रेघ लुकलुकते,
उंबऱ्यावर चप्पल काढू की नको
अशा पाहुण्यासारखी.

"फॉरमॅट मारू नकोस," तिसऱ्यांदा सांगतात.
"गाडी राहू दे, सामान तेवढं उतरव."

स्क्रू चहाच्या बशीत.
पंख्यात वाळू, मैद्याइतकी बारीक.
पेनड्राइव्ह लावून
बूटची फाइल पुन्हा लिहायला घेतो:
वीस टक्के. वीस टक्के. एकवीस.
एसीचं पाणी बादलीत.

बाराच्या पुढे कधीतरी उजाडतो डेस्कटॉप.
पगार. व्हिसा. व्हिसा नवा.
शमीम बोलते.

परकार त्या शेवटच्या फोल्डरवर बोट टेकवतात,
उघडत नाहीत.
"आहे ना? मग कर बंद."

बंद करायला
माझाच हात धजत नाही.